लहान शिडाच्या होडीच्या कॉकपिटवर पावसात टिकणारे आच्छादन: रचना, कापड आणि मापे

सुकाणूवाला:

माझ्याकडे सुमारे सात मीटर लांबीची, टिलरवर (सुकाणूच्या हातदांड्यावर) चालणारी शिडाची होडी आहे. केबिनच्या तोंडाशी डॉजर (वारा-पाणी अडवणारा कापडी आडोसा) बसवलेला आहे, परंतु त्याच्या मागचा सगळा कॉकपिट (बसून होडी चालवायची खोलगट जागा) उघडा असल्यामुळे पाऊस सुरू झाला की सर्वांना केबिनमध्ये शिरावे लागते, आणि तेथे ताठ उभे राहण्याइतकीही उंची नाही. डॉजरच्या मागच्या कडेपासून बॅकस्टेपर्यंत (डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेपर्यंत) छत आणि तिन्ही बाजूंना पारदर्शक खिडक्यांचे पडदे, असे काढता-घालता येणारे आच्छादन करावे असा विचार आहे. मेनशीटचा (मुख्य शीड ओढायच्या दोरीचा) ट्रॅव्हलर, म्हणजे ती सरकवायचा रूळ, कॉकपिटच्या मधोमध आडवा आहे, आणि बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बूम (मुख्य शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) जेमतेम जाते.

शीड उभारलेले असतानाही आच्छादन लावून ठेवता येईल अशी रचना इतक्या लहान होडीवर शक्य आहे का? कापड अॅक्रिलिकचे घ्यावे की पीव्हीसीचा थर दिलेले? शिवण मी घरच्या जुन्या पण दणकट यंत्रावर स्वतः घालणार आहे; मात्र कॉकपिटची एकही कड सरळ नसल्यामुळे मापे कशी घ्यावीत ते कळत नाही. डेकच्या आत बाल्सा लाकडाचा गाभा आहे, त्यामुळे शक्यतो नवी भोके पाडायची नाहीत.

नांगरदोर:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकदा ठरले की बाकीच्यांचा निम्मा निकाल आपोआप लागतो, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो. शीड उभारून चालताना वापरायचे आच्छादन आणि नांगरावर किंवा धक्क्याला वापरायचे आच्छादन या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. एकाच शिवणीत दोन्ही साधण्याचा अट्टाहास केला तर चालताना अडचण करणारी आणि मुक्कामी गळणारी अशी एक तिसरीच वस्तू तयार होते.

चालतानाच्या आच्छादनाला आपल्या होडीवर तीन अडथळे आहेत. छत बूमच्या खाली बसवावे लागेल, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्याला ते टेकणारच. मेनशीट मधोमध असल्यामुळे छताला आडवी चीर ठेवावी लागेल, कारण प्रत्येक टॅकबरोबर (होडीचे तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवताना) मेनशीट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकते. म्हणजे जेथे कोरडे हवे नेमके तेथेच पाणी आत येईल. मेनशीट केबिनच्या छतावर हलवणे शक्य असते, परंतु ती बूमच्या पुढच्या टोकाच्या जवळ गेली की तेच शीड ओढायला बराच जास्त जोर लागतो, आणि त्यासाठी पुल्यांची संख्या वाढवावी लागते किंवा विंच (दोर गुंडाळून ओढायचे, दांड्याने फिरवायचे ढोलके) बसवावी लागते. तिसरा अडथळा टिलरचा. चाकाच्या होडीवर सुकाणू धरणारा माणूस एका जागी उभा असतो, तर टिलरवाला वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसून बाहेर झुकतो, शिडाच्या कडेचे दोरे वर मान करून पाहतो, आणि दर वळणाला जागा बदलतो. त्याला छताखाली कोंडले तर होडी चालवण्यातली निम्मी माहिती त्याच्यापासून तुटते. शिवाय विंचच्या दांड्याला पूर्ण गोल फिरायला मोकळी जागा लागते, ही गोष्ट पडद्याची जागा ठरवताना हमखास विसरली जाते.

वाऱ्याचा दाबही ध्यानात घ्यावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि आपल्या होडीच्या मानाने तिन्ही बाजूंचे पडदे म्हणजे एक जादा शीडच आहे, फरक इतकाच की ते आवरता येत नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की डॉजर आहे तसा ठेवावा आणि त्याला मागून जोडला जाणारा, फक्त मुक्कामी वापरायचा तंबू शिवावा. मुक्कामी बूम हलत नाही, त्यामुळे तीच तंबूचे आढे होऊ शकते. टॉपिंग लिफ्टने (डोलकाठीच्या वरून येऊन बूम तोलणाऱ्या दोरीने) तिचे मागचे टोक वर घ्यावे, मेनशीट सोडून बाजूला बांधावी, आणि बूम हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक दोरी ताणून ठेवावी. एवढ्याने आत चांगली उंची मिळते आणि छताला दोन्हीकडे नैसर्गिक उतार येतो, त्यामुळे पाणी साचत नाही. मागे फक्त एक कमान पुरते. बाजूचे कापड कॉकपिटच्या काठाच्या बाहेरून खाली आले पाहिजे, म्हणजे पागोळ्या बाकावर न पडता बाजूच्या डेकवर पडतील. आपल्या काठाला भोकांची अॅल्युमिनियम पट्टी असेल, तर कापडाच्या खालच्या कडेला लवचीक दोरी आणि आकडे लावून ते तिच्यातच अडकवता येईल, आणि एकही नवे भोक पाडावे लागणार नाही.

टाचणी:

मी हेच शिवणकाम व्यवसाय म्हणून करतो. वरील मत मला पटते, म्हणून तंबू गृहीत धरून कापडाविषयी लिहितो.

छतासाठी अॅक्रिलिक घ्यावे, आणि तेही धाग्यातच रंग मुरवलेले, चौरस मीटरला सुमारे 300 ग्रॅम वजनाचे. ते उन्हात टिकते आणि त्यातून हवा खेळते, त्यामुळे आत माणसे झोपली तरी आतून दव धरण्याचे प्रमाण कमी राहते. पीव्हीसीचा थर दिलेले कापड पाणी पूर्ण अडवते, परंतु श्वासातली वाफही तितकीच अडवते, आणि पहाटे आतून थेंब गळू लागतात. अॅक्रिलिकचा दोष असा की ते घासले गेले की लवकर झिजते, म्हणून बूमचे टोक, टॉपिंग लिफ्ट आणि डॉजरची कमान यांना जेथे ते टेकते तेथे आतून दुहेरी पट्टी घालावी. त्यावरचा पाणी झटकणारा लेप काही हंगामांनी उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो. कापड तापलेल्या सुरीने कापावे, म्हणजे कडा वितळून बंद होतात आणि धागे सुटत नाहीत.

आच्छादनात बहुधा कापडाच्या आधी शिवणच जाते, म्हणून दोऱ्यावर काटकसर करू नये. उन्हाला टिकेल असा प्रक्रिया केलेला पॉलिएस्टर दोरा घ्यावा. नायलॉनचा दोरा मजबूत वाटतो, पण उन्हात कुजतो. व्यावसायिक यंत्रावर आम्ही 92 क्रमांकाचा दोरा 18 नंबरच्या सुईने चालवतो, परंतु घरच्या यंत्राला त्याचा ताण सांभाळणे जड जाते, तेव्हा आपण 69 क्रमांकाचा दोरा आणि 16 नंबरची सुई वापरावी. टाका चार ते पाच मिलिमीटर लांबीचा आणि सरळ असावा. नागमोडी टाक्याची येथे गरज नाही. शिवण्यापूर्वी दोन्ही थर दुहेरी चिकटपट्टीने जोडून घेतले तर कापड सरकत नाही. कोपऱ्यात, जेथे दुमड, चेन आणि पट्टी मिळून सहा थर होतात, तेथे मोटार न चालवता चाक हाताने फिरवावे.

चेन जाड दातांची, प्लॅस्टिकची, 10 क्रमांकाची घ्यावी, कारण खाऱ्या हवेत धातूची चेन जाम होते. प्रत्येक चेनवर कापडी झडप हवीच; चेन कितीही चांगली असली तरी पाणी अडवते ती झडप. वरचा तुकडा नेहमी खालच्या तुकड्यावर बाहेरून आला पाहिजे.

खिडक्यांसाठी पाऊण मिलिमीटर जाडीचे पारदर्शक व्हिनाइल योग्य ठरेल. अर्धा मिलिमीटरचे लवकर चुरगळते आणि एक मिलिमीटरचे गुंडाळायला त्रास देते. ते घडी घालून ठेवू नये. मध्ये मऊ कापड घेऊन गुंडाळावे. अमोनिया असलेले काच-सफाईचे द्रव, सनस्क्रीन आणि डास पळवण्याची मलमे लागली की ते धुरकट होते, म्हणून धुण्यासाठी सौम्य साबण आणि भरपूर गोडे पाणी एवढेच वापरावे. उन्हात तापलेल्या स्टीलच्या नळीला टेकलेल्या ठिकाणी व्हिनाइलवर कायमचा डाग पडतो, तेव्हा कमानीवर कापडी बाही चढवावी.

मोसमी:

एक गोष्ट वरच्या दोन्ही उत्तरांत आलेली नाही. बंद आच्छादनाखाली शेगडी किंवा इंजिन चालवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. पुढून बंद आणि मागून उघडे ठेवले म्हणजे काम भागले असेही समजू नये, कारण वाऱ्याच्या आड असलेल्या पोकळीत दाब कमी होतो आणि मागे सोडलेला धूर उलट आतच ओढला जातो. छताजवळ पुढे आणि मागे वायुवीजनाच्या झडपा ठेवा, केबिनमध्ये इशारा देणारे यंत्र लावा, आणि तंबू लावलेला असताना इंजिन चालवू नका. प्रत्येक बाजूची किमान एक चेन आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडणारी हवी. रात्री नांगर सरकला तर पुढच्या डेकवर पोहोचायला तीच वाट आहे. त्याच कारणाने आच्छादन एका माणसाला अंधारात झटपट उतरवता आले पाहिजे.

चालतानाच्या निवाऱ्याबाबत मात्र मी थोडा वेगळा विचार करतो. पूर्ण आच्छादन नको हे खरे, परंतु डॉजरच्या दोन्ही बाजूंना मागे हातभर लांबीचे, चेनने जोडायचे पडदे लावले तर पुढच्या बाकावरच्या माणसांना तिरप्या पावसापासून पुष्कळ आडोसा मिळतो, आणि टिलरवाल्याची नजरही मोकळी राहते.

सुकाणूवाला:

सर्वांचा आभारी आहे. तंबू आणि डॉजरचे लहान बाजूचे पडदे, असे ठरवतो. काठाला भोकांची पट्टी आहे. राहिलेले प्रश्न दोन: वाकड्या कडांची मापे कशी घ्यावीत, आणि मागच्या कमानीचे पाय कोठे टेकवावेत?

टाचणी:

टेपने मापे घेण्याच्या फंदात पडू नका. न ताणणारी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची चादर घ्या, कमान आणि बूम अंतिम स्थितीत बांधा, आणि ती चादर जागेवरच ताणून चिकटपट्टीने धरा. तिच्यात जी सुरकुती राहील ती कापडात हमखास उतरेल, म्हणून चादर पूर्ण सपाट बसेपर्यंत पट्ट्या काढून पुन्हा लावा. नंतर मध्यरेषा, कडा, चेनांच्या आणि आकड्यांच्या जागा तिच्यावर आखा, आणि प्रत्येक तुकड्यावर बाहेरची बाजू कोणती व पुढचे टोक कोणते ते लिहा. डाव्या बाजूचा नमुना उलटवून उजवीकडे वापरू नका, कारण होडीच्या दोन्ही बाजू क्वचितच तंतोतंत सारख्या असतात. आधी फक्त छताचा नमुना घ्या, छत शिवा, ताणून लावा, आणि मगच बाजूच्या पडद्यांचे नमुने त्या लावलेल्या छताला धरून घ्या. शिवताना झालेला मिलिमीटरांचा फरक असा पुढच्या तुकड्यात सामावला जातो. व्हिनाइल थंडीत आकसते, म्हणून ना फार गार ना फार तापलेला दिवस निवडा, आणि खालचे आकडे पडदा जागेवर ताणून पाहिल्यावर सर्वांत शेवटी बसवा.

नांगरदोर:

कमानीचे पाय डेकवर टेकवण्याची गरज नाही. होडीच्या मागच्या कठड्याच्या उभ्या नळ्यांवर आवळून बसणारे बिजागरीचे क्लँप मिळतात; त्यांत 316 प्रतीच्या स्टीलच्या 22 किंवा 25 मिलिमीटर व्यासाच्या नळीची कमान बसवावी, म्हणजे चालताना ती मागे पाडून ठेवता येते. मात्र क्लँप नळीच्या बाहेरच्या व्यासाचेच हवेत, नाहीतर ताण आला की ते फिरतात. कठडा त्या जागी हलका वाटला आणि डेकवर पाया घ्यावाच लागला, तर स्क्रूपेक्षा मोठे भोक पाडून आतला बाल्सा कडेने खरवडून काढावा, ती पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावी, ती कडक झाल्यावर तिच्यातच नेमके भोक पाडावे, आणि पायाखाली ब्यूटाइलची (पाणी अडवणारी चिकट रबरी) पट्टी घालून बोल्ट आवळावेत. पाणी झिरपलेच तरी ते इपॉक्सीपाशी थांबते, गाभ्यापर्यंत पोहोचत नाही.