सल्ला हवा: सुरुवातीच्या टेहळणी ड्रोनवर मुलांना नेमकं काय सांगू?

मानसी_सांगली
नमस्कार मंडळी, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. पुढच्या महिन्यात विज्ञान मंडळात अर्धा तास बोलायचंय, विषय सुरुवातीचे लष्करी टेहळणी ड्रोन. मुलांनी ड्रोन पाहिलाय तो लग्नात, त्यामुळे ही सगळी गेल्या दहा-पंधरा वर्षांतली गंमत आहे असं त्यांना वाटतं. वाचायला बसले तर पहिल्या महायुद्धापासून इतकं निघालं की कुठून धरू तेच कळेना. एकच गोष्ट घ्यायची तर कुठली घेऊ? नुसत्या सनावळ्या नकोत, त्यात फिजिक्स हवं.

निळीछत्री
ताई, पहिलं महायुद्ध सोडाच, ते उडते बॉम्ब होते, टेहळणी नव्हे. सरळ 1960 पासून सुरू करा. 1 मे 1960 ला सोव्हिएत युनियनवर अमेरिकेचं यू-2 हे हेरगिरीचं विमान पाडलं गेलं, पायलट गॅरी पॉवर्स जिवंत हाती लागला, मग ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबावर दुसरं यू-2 पाडलं गेलं त्यात मेजर रुडॉल्फ अँडरसन गेले. आता माणूस नसलेलं विमान पाहिजे म्हणून अमेरिकेची धावपळ वाढली आणि सॅन डिएगोच्या रायन कंपनीकडे फायरबी तयारच होतं, 1951 पासून नेमबाजीच्या सरावासाठी उडवलं जाणारं छोटं जेट. म्हणजे जे पाडण्यासाठीच बनवलं होतं त्यातच कॅमेरा बसवला, नाव पडलं लाइटनिंग बग. ऑगस्ट 1964 मध्ये चीनवर पाठवलं, नंतर व्हिएतनामवर, 1975 पर्यंत 3400 च्या वर उड्डाणं झाली.

पण माझा आग्रह असा की उडण्यापेक्षा परत येण्यावर वेळ द्या. फोटो फिल्मवर असायचे, विमान हरवलं की सगळी मेहनत वाया. त्याला चाकंच नव्हती. डीसी-130 या मोठ्या विमानाच्या पंखाखालून सोडायचं, काम झालं की इंजिन बंद, पॅराशूट उघडायचं, आणि खाली येता येता हेलिकॉप्टरने हुक टाकून ते हवेतच पकडायचं! असे प्रयत्न शंभरात 95 च्या वर यशस्वी व्हायचे, मला अजूनही याचं फार कौतुक वाटतं.

बापू_नगरकर
वरच्याशी सहमत, पण फसलेलंही एक दाखवा, मुलं त्यातून जास्त शिकतात. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचं डी-21 हे टेहळणी ड्रोन, आवाजाच्या तिप्पट वेगाने जाणारं. त्यात अख्खं विमान परत आणायचंच नव्हतं, फक्त कॅमेऱ्याचा कप्पा समुद्रावर टाकायचा. 1969 ते 1971 चीनवर 4 मोहिमा झाल्या, एकीचाही फोटो हाती आला नाही. पहिलं वळलंच नाही, तसंच पुढे सोव्हिएत हद्दीत गेलं. पुढच्या दोघांचे कप्पे ठरल्या जागी सुटले पण एकाचं पॅराशूट नीट उघडलं नाही आणि दुसऱ्याचा कप्पा समुद्रातून उचलता आला नाही, चौथं चीनमध्येच पडलं. वेग, उंची सगळं होतं हो, शेवटचा पाच मिनिटांचा भाग जमला नाही.

सुखदा_के
मी इस्रायल सुचवेन. 1969 मध्ये शाब्ताई ब्रिल या लष्करी गुप्तचर अधिकाऱ्याने अमेरिकेतून रिमोटवर उडणारी खेळण्यातली विमानं मागवली, कॅमेरा लावला आणि सुएझ कालव्यापलीकडच्या इजिप्शियन ठाण्यांचे फोटो काढले. पुढे ते काम गुंडाळलं गेलं, आणि 1973 च्या अरब-इस्रायल युद्धाचा धक्का बसल्यावर मग मॅस्टिफ, स्काउट हे ड्रोन आले. त्यांच्यावर टीव्ही कॅमेरा, चित्र तिथल्या तिथे जमिनीवर, फिल्म परत आणायची भानगडच संपली. जून 1982 मध्ये लेबनॉनमधल्या बेका खोऱ्यातल्या सीरियन क्षेपणास्त्रांवर नजर ठेवायला हेच वापरले.

मानसी_सांगली
वा, खूप आभार सगळ्यांचे! निळीछत्री, एक शंका, जीपीएस नव्हतं तर लाइटनिंग बगला रस्ता कसा कळायचा? मुलं हे पहिल्यांदा विचारणार.

निळीछत्री
वेग, दिशा आणि वेळ, यावरून आपण कुठे पोचलो ते मोजत जायचं, तुमचं अकरावीचं व्हेक्टरचं प्रकरणच. दिशेत थोडीशी चूक असेल तर अंतर वाढतं तशी ती वाढत जाते. 1970 मध्ये उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीवर ड्रोन पाठवत होते, त्यातलं एक छावणीवर यायच्या जरा आधीच वळलं, फोटोत आलं नुसतं क्षितिज. नोव्हेंबरमध्ये कैद्यांना सोडवायला अमेरिकन कमांडो उतरले तेव्हा छावणीत एकही कैदी नव्हता, त्यांना जुलैतच हलवलं होतं. हे सांगताना माझा आवाज दर वेळी जड होतो.

वर्गात करायचं असेल तर एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, मैदानावर 'चाळीस पावलं सरळ, मग उजवीकडे वीस' एवढंच सांगा आणि ठरलेल्या जागी खडूने गोल काढून ठेवा. पाच-सहा मुलांना चालवा, प्रत्येक जण कुठे थांबला तिथे खूण करा आणि मग टेप घेऊन गोलापासूनचं अंतर मोजायला लावा.

मानसी_सांगली
ठरलं, लाइटनिंग बगच घेते, आणि शेवटी दोन मिनिटं डी-21. मैदान शनिवारी मोकळं असतं, आधी करून बघते आणि मोजमापं इथेच टाकते.