सोयाबीनमधलं ई जीवनसत्त्व: वाण ठरवतं की हवामान?

बीजवेडा:
सोयाबीनमध्ये टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, भरपूर असतं. पण अल्फा, गॅमा, डेल्टा अशा त्याच्या प्रकारांत सिंहाचा वाटा गॅमाचा, त्याखालोखाल डेल्टाचा. आपलं यकृत प्रामुख्याने अल्फाच रक्तात राखतं आणि तेच नेहमीच्या वाणांत एकूण टोकोफेरॉलच्या साधारण १० टक्क्यांच्या आत असतं. माझं ठाम मत आहे की यावर उपाय वाणातच शोधायला हवा. केएएस नावाच्या हंगेरीतल्या जुन्या वाणात अल्फाचा वाटा २० टक्क्यांच्या पुढे जातो. गॅमाला एक मिथाइल गट जोडून त्याचं अल्फा करणारं विकर त्याच्या दाण्यात जास्त तयार होतं, कारण त्या जनुकाचा चालू-बंद ठरवणारा भागच वेगळा आहे. २००३ मध्ये तर अराबिडॉप्सिस या रोपाची दोन जनुकं घालून सोयाबीनमध्ये अल्फा ९५ टक्क्यांवर नेलं होतं!

ऊनपाऊस:
असहमत. एकच वाण घ्या आणि दाणे भरताना तापमान वाढवा. अल्फाचा वाटा कितीतरी वाढतो, डेल्टा घटतं, एकूण टोकोफेरॉल मात्र फारसं हलत नाही. पाण्याचा ताण पडला तरी अल्फा वाढतं. मग प्रयोगशाळेतून आलेला आकडा वाणाचा की त्या हंगामाचा? पेरणी कधी झाली, दाणे भरताना ऊन किती होतं, हे न सांगता 'अमुक वाणात अल्फा जास्त' म्हणणं मला मान्य नाही.

बीजवेडा:
पण शेजारी-शेजारी पेरलेल्या वाणांत फरक दिसतोच ना? तिथे हवामान सारखंच असतं. शिवाय उष्णता आणि ताणाने उत्पादन पडतं. जीवनसत्त्वासाठी पीक होरपळवायचं का?

ऊनपाऊस:
होरपळवा असं मी म्हणतच नाहीये. माझा आक्षेप निवडीच्या पद्धतीवर आहे. एकाच गरम हंगामातल्या आकड्यांवरून झाडं निवडलीत, तर लवकर पक्व होऊन भर उन्हात दाणे भरणारी झाडं हाती लागतील. पुढच्या थंड हंगामात त्यांचं अल्फा खाली येईल आणि पैदासकाराची मेहनत वाया जाईल. निरनिराळ्या ठिकाणी, किमान दोन-तीन हंगाम तपासा, मग वाणाला श्रेय द्या.

घाणा:
तेलाच्या बाजूने बोलतो. तेल खवट होऊ न देण्यात गॅमा आणि डेल्टा बहुधा अल्फापेक्षा सरस ठरतात. सगळं अल्फात बदललंत तर तेल टिकेल का? त्यातून शुद्धीकरणात वास काढताना टोकोफेरॉलचा काही भाग निघून जातो, ते वेगळंच.

बीजवेडा:
घाणा, तुमचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मला ९५ टक्के नकोत, केएएसइतकं पुरे. बहुहंगामी चाचण्याही मान्य. पण ऊनपाऊस, थंड हंगामातही ज्याचं अल्फा इतरांपेक्षा वर राहतं, तो वाण जनुकांच्याच जोरावर तरतो. माझा शोध त्याच वाणाचा आहे.

ऊनपाऊस:
मग सुरुवात थंड हंगामापासूनच करा. गरम हंगामाचे आकडे आधी पाहूच नका.