बेस्टचं भाडं दुप्पट आणि मोटारींना टोल माफ: हे बरोबर आहे का?

चेंबूरवाली

९ मे २०२५ पासून बेस्टचं, म्हणजे मुंबई महापालिकेच्या बससेवेचं, किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, एसी बसचं ६ वरून १२. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला: दहिसर, मुलुंडचे दोन्ही नाके, ऐरोली आणि वाशी. सागरी किनारा रस्त्याला तर पहिल्या दिवसापासून टोल नाही. साडेदहा किलोमीटरच्या त्या रस्त्यावर सुमारे १४ हजार कोटी खर्च झाले. या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मला संताप येतो. तो का येतो ते नीट मांडते.

भाडेवाढीचं कारण एकच सांगितलं जातं, बेस्ट तोट्यात आहे. मान्य. पण तोट्यात आहे म्हणजे काय? कचरा उचलण्याच्या खात्याला उत्पन्न किती, असं कोणी विचारत नाही. उड्डाणपुलाने या वर्षी किती कमावलं, हेही नाही. बसच्या बाबतीत मात्र दरवर्षी ताळेबंद काढून प्रवाशापुढे धरला जातो. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यात बेस्टला १,००० कोटी दिले गेले. म्हणजे शंभरातला दीड रुपयाही नाही. बसने लाखो लोक रोज प्रवास करतात, सागरी रस्त्यावर त्या मानाने मूठभर.

पासचं पाहा. पाच किलोमीटरचा साध्या बसचा मासिक पास ४५० चा ८०० झाला. घरातल्या तिघांना पास लागत असेल तर महिन्याला हजाराच्या वर भर पडली. चेंबूर नाक्यावर कॉफी प्यायला उतरणाऱ्याला हा आकडा जाणवणार नाही. माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत राहणाऱ्याला जाणवतो. या लोकांना शहराच्या कामासाठी त्यांच्या घरांतून उठवून तिथे नेलं. जवळ रेल्वे स्टेशन नाही, चेंबूर किंवा कुर्ला गाठायचं तर बस. ज्यांनी शहराला जागा करून दिली, त्यांच्याकडूनच शहर तोटा वसूल करतंय.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ पासून पालिकेत प्रशासक होते. भाडेवाढ झाली तेव्हा लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक सभागृहात नव्हता, बेस्टचा कारभार पाहणारी नगरसेवकांची बेस्ट समितीही नव्हती. इतका मोठा निर्णय कोणी उभं राहून प्रश्न न विचारता झाला.

माझं म्हणणं असं: बेस्टची तूट भरणं ही पालिकेची बांधील जबाबदारी असावी, अनुदान म्हणून दिलेली भीक नसावी. आणि त्यासाठी लागणारा पैसा रस्ता सर्वांत जास्त अडवणाऱ्याकडून, म्हणजे खासगी मोटारीकडून, पार्किंग आणि टोलच्या रूपाने घ्यावा. विरोध असेल तर जरूर मांडा.

करदाता_मुलुंड

ताई, माझा विरोध आहे आणि तो मोटार आहे म्हणून नाही. माझ्याकडे गाडी नाही.

जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ केलं, एसीचं २० वरून ६. प्रवासी भराभर वाढले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे काय झालं? दीड दशकापूर्वी ताफा साडेचार हजारांवर होता, तो तीन हजारांच्या खाली आला. भाडं स्वस्त, पण बस कमी. थांब्यावर उभं राहून जी बस येतच नाही, तिचं तिकीट ५ रुपये असलं काय आणि १५ असलं काय! नोकरीवर वेळेत पोचायचं असतं तो माणूस शेवटी शेअर रिक्षा करतो आणि तिथे २० रुपये देतो. म्हणजे लोकांची द्यायची तयारी आहे, त्यांना बस वेळेवर हवी आहे.

दुसरं, पालिकेचा पैसा आकाशातून पडत नाही. जकात १ जुलै २०१७ ला गेली. आता मालमत्ता कर, विकास शुल्क आणि राज्याकडून येणारी भरपाई. बेस्टला आणखी हजार-दोन हजार कोटी द्यायचे तर कुठून काढायचे तेही सांगा. पालिकेच्या सायन, केईएम, नायर या रुग्णालयांच्या वॉर्डांत रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. मला निवडायला सांगितलं तर मी आधी खाटा निवडेन.

गोरेगाव पूर्व

सगळे मोटारवाले श्रीमंत आणि उर्मट, असा सूर या धाग्यात लागतोय तो मला मान्य नाही. वडिलांना डायलिसिसला न्यावं लागतं. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. गाडी घेताना रस्ता कर भरला, पेट्रोलवर रोज कर भरतो. आणि वेशीवरचा टोल हा उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता, वर्षानुवर्षं भरला. तो कधीतरी थांबायलाच हवा होता. बसची दुरवस्था माझ्या गाडीमुळे झालेली नाही.

चेंबूरवाली

गोरेगाव पूर्व, तुमच्या वडिलांसारख्यांना गाडी लागणारच, त्यावर वाद नाही. अपंग आणि आजारी व्यक्तींना सवलत कुठल्याही नीट आखलेल्या योजनेत असते. पण दोन गोष्टी. तुम्ही भरलेला रस्ता कर राज्याच्या तिजोरीत जातो, पेट्रोलवरचा कर राज्य आणि केंद्रात वाटला जातो. तुमच्या घरापासून हायवेपर्यंतचा रस्ता मात्र पालिका बांधते, खोदते, पुन्हा बांधते. म्हणजे शहराचा रस्ता तुम्ही वापरता त्याचा मोबदला शहराला मिळत नाही. आणि बस अडकते ती कशात? गाड्यांत. एस. व्ही. रोडला दुतर्फा गाड्या लावलेल्या असतात, उरलेल्या मार्गिकेत बस रांगते. फेऱ्या कमी होतात, त्याच चालक-वाहकाच्या पगारात कमी प्रवासी वाहिले जातात, तूट वाढते. गाडीमुळे बसचं नुकसान होतं ते असं.

लंडनने २००३ मध्ये मध्यभागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवलं आणि ते पैसे वाहतुकीवरच खर्च करायचे असं कायद्यानेच बांधून घेतलं.

गोरेगाव पूर्व

लंडनमध्ये शुल्क लावलं तेव्हा लोकांकडे भुयारी रेल्वे आधीच होती. आधी पर्याय, मग दंड.

मेट्रो ३ चा प्रवासी

पर्याय येतोय की. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर मेट्रो ९ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. पश्चिम उपनगरात २अ आणि ७ आहेतच. पुढच्या काही वर्षांत आणखी मार्ग सुरू होतील. लांब पल्ल्याच्या बसमध्ये पैसे ओतत राहण्याऐवजी बेस्टने मेट्रो स्टेशन ते वस्ती एवढ्याच छोट्या फेऱ्या माराव्यात. मोठ्या गाड्या कमी, मिनीबस जास्त. खर्च आपोआप खाली येईल.

चेंबूरवाली

मेट्रो ३ चं कमाल भाडं ७० रुपये आहे. जाऊन-येऊन १४०. ज्याला ८०० रुपयांचा बसचा पास जड जातो त्याला तुम्ही मेट्रोचा पर्याय सांगताय. मिनीबसबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. पण त्या छोट्या फेऱ्यांतूनच सर्वांत कमी उत्पन्न येतं. बेस्टने खर्च निघायलाच हवा असा आग्रह धरला तर त्या फेऱ्याच आधी बंद होतील.

निवृत्त वाहक, वडाळा आगार

चेंबूरच्या ताई आणि करदाता, आपण दोघंही अर्धी बाजू मांडताय असं मला वाटतं, म्हणून लिहितो.

५ रुपये भाडं मला नोकरीत असतानाही पटलं नव्हतं. तिकिटाच्या पैशात खर्च सुटत नव्हता. भाडेवाढ व्हायलाच हवी होती, फक्त ती दर दोन-तीन वर्षांनी एकेक रुपयाने व्हायला हवी होती. निवडणुकीच्या भीतीने ती लांबवायची आणि मग एकदम दुप्पट करायची, यात प्रवाशाचं कंबरडं मोडतं.

पण ताफा कमी झाला तो स्वस्त भाड्यामुळे नव्हे. जून २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात बेस्टने स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस राखायच्या असं ठरलं होतं. जुन्या बस पंधरा वर्षं झाली की भंगारात जात राहिल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या घेतल्या नाहीत. आज स्वतःच्या बस काहीशेच उरल्यात. बाकी सगळ्या भाडेतत्त्वावर, म्हणजे बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, दुरुस्ती त्याची, आणि बेस्टने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. हिशेबात हे स्वस्त दिसतं. पण काही कंत्राटदार मधेच सोडून गेले आणि त्यांच्या शेकडो बस एका फटक्यात रस्त्यावरून गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम बंद केलं तेव्हा कित्येक आगारांतून बसच निघेनात. त्यांची मागणी रास्त होती, शेजारी बसलेल्या कायम चालकाच्या निम्माही पगार त्यांना नव्हता.

आणि ९ डिसेंबर २०२४ चं कुर्ला. गर्दीच्या रस्त्यात भाड्याची इलेक्ट्रिक बस घुसली, निष्पाप माणसं गेली. चालकाला त्या बसचं प्रशिक्षण पुरेसं मिळालं होतं का, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. इलेक्ट्रिक बसला क्लच-गिअर नाहीत, पायाखालचा जोर वेगळा. आमच्याकडे नवीन चालक दिंडोशीला शिकायचा, मग जुन्याजाणत्यासोबत मार्गावर जायचा, मग त्याच्या हाती बस यायची. तो खर्च वाचवला की तो कुठेतरी असा बाहेर येतो.

म्हणून माझं मत: भाडं हळूहळू वाढवा, पण बस, चालक आणि आगार बेस्टचीच ठेवा. आगारांच्या जमिनी विकासकांना देऊन तोटा भरण्याची टूम पुन्हा निघतेय. एकदा जमीन गेली की बस उभी कुठे करणार?

करदाता_मुलुंड

काका, कायम कर्मचाऱ्यांचा पगार आणि निवृत्तीची देणी हाच बेस्टचा सर्वांत मोठा खर्च आहे, हे तुम्हीही नाकारणार नाही. सगळं पुन्हा स्वतःच करायचं म्हटलं तर तूट दुप्पट होईल. कंत्राट वाईट नाही, कंत्राटातल्या अटी ढिल्या आहेत. किमान वेतन, प्रशिक्षणाचे तास, बस न धावल्यास दंड, हे लिहा आणि वसूल करा.

निवृत्त वाहक, वडाळा आगार

अटी लिहिलेल्या असतात हो. वसूल करायला गेलं की तो म्हणतो मी निघालो. बस त्याच्याच असल्यामुळे बेस्टच्या हातात काही राहत नाही. आणि माझी ग्रॅच्युइटी ही मला कोणी दिलेली खिरापत नाही, २००५ च्या २६ जुलैला पाण्यात बस उभी असताना प्रवाशांना सोडून न जाणाऱ्यांनी ती कमावलेली आहे.

गिरगावकर

तूट भरायची तर कोणी भरायची, यावर थोडा इतिहास. वर्षानुवर्षं बसचा तोटा विजेच्या नफ्यातून भरला जायचा, कारण कुलाबा ते माहीम-सायन वीज बेस्टची. पुढे तर शहर भागातल्या वीज बिलात परिवहनाच्या तुटीपोटी वेगळा आकार लागायचा. बस धावायची दहिसर-मुलुंडपर्यंत आणि तोटा भरायचा परळ-गिरगावच्या चाळीतला भाडेकरू. हा अन्याय होता आणि तो थांबला हे योग्यच झालं. पण थांबवताना त्याच्या जागी दुसरी सोय कोणी केली नाही. आजचं दुखणं तिथून वाढलं.

पुण्याकडे पाहा. तिथल्या बससेवेची, पीएमपीची, तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६०:४० अशी वाटून घेतात. पीएमपी फार छान चालते असा माझा दावा नाही, तिथेही जून २०२५ मध्ये भाडं वाढलंच. पण तूट कोणाची, यावर दरवर्षी नव्याने भांडण नाही. आपल्याकडे प्रत्येक वेळी बेस्टने हात पसरायचे, पालिकेने उपकार केल्यासारखं द्यायचं.

साकीनाका_एकटी

एवढी आकडेवारी मला येत नाही. रात्री दहाला शिफ्ट सुटते. शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून अनोळखी माणसाला खेटून बसण्यापेक्षा दिवे लावलेली, वाहक असलेली बस मला हवी असते. राज्य सरकारने मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट केलं, त्याचे पैसे एसटीला सरकार देतं. मुंबईतल्या बाईला बेस्टमध्ये ते का नाही? आम्ही त्याच राज्यात राहतो ना?

आणि कृपा करून बसमधला वाहक काढू नका. अॅपवर तिकीट निघतं हे खरं, पण रात्रीच्या बसमध्ये वाहक फक्त तिकिटापुरता नसतो.

मेट्रो ३ चा प्रवासी

साकीनाक्याच्या ताईंचा मुद्दा पटला. मेट्रो रात्री उशिरा थांबते, नंतर बसशिवाय काही नाही. पण बससाठी वेगळी मार्गिका वगैरे इथे होणं कठीण. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) करून पाहिली होती, टिकली नाही.

चेंबूरवाली

टिकली नाही कारण तीत घुसणाऱ्या मोटारींना कोणी अडवलं नाही. सागरी रस्त्याच्या मूळ आराखड्यातही बससाठी राखीव मार्गिका होती, तीही कागदावरच राहिली.

करदाता, तुमच्या खाटांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलं. रुग्णालय आणि बस यांतलं एक निवडा असं मला कोणी सांगितलं तर मीही खाटाच निवडेन. पण ती निवड खोटी आहे. केईएमला बाह्यरुग्ण तपासणीसाठी पहाटेपासून रांग लावणारे लोक कशाने येतात? सागरी रस्ता ठरवताना मात्र तुमच्या-माझ्यापुढे कोणी खाटा की रस्ता असा प्रश्न ठेवला नव्हता.

करदाता_मुलुंड

हे मला मान्य आहे, तो प्रश्न तेव्हाही विचारला जायला हवा होता. पुण्यासारखं ठरीव सूत्र आणायचं असेल तर मी विरोध करणार नाही. अट एकच: पैसे रस्त्यावर धावलेल्या बसच्या संख्येशी बांधलेले हवेत. ठरलेल्या फेऱ्या झाल्या नाहीत तर रक्कम कापा, आणि आगारनिहाय आकडे दर महिन्याला थांब्यावर लावा. ५ रुपयांचं भाडं परत आणायला मात्र माझा विरोध कायम.

चेंबूरवाली

आगारनिहाय आकडे थांब्यावर लावायला माझा पूर्ण पाठिंबा. एकेरी तिकीट १० रुपये राहिलं तरी मी समजून घेईन, कारण ते कधीतरी बसने जाणाराही काढतो. पास मात्र रोज जाणाराच काढतो. तेव्हा आधी ८०० चा पास परत ४५० वर आणा, माहुल आणि मानखुर्दच्या फेऱ्यांपासून सुरुवात करा, आणि फरकाची रक्कम पालिकेच्या पार्किंगच्या उत्पन्नातून थेट बेस्टच्या खात्यात जमा करा. यावर आकडेमोड कोणाला करता येत असेल तर इथे मांडा. वॉर्ड कार्यालयात द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी करतेय, त्यात ती जोडता येईल.

गोरेगाव पूर्व

आजारी माणसाला नेणाऱ्या गाडीला पार्किंगमध्ये सूट, हे त्या निवेदनात स्पष्ट लिहिणार असाल तर माझीही सही धरा. टोल परत आणायचं कलम असेल तर नाही.