शेवटचा एक हात मारून गाव सोडणारा बस्टर एडवर्ड्स: कणव येणं चूक आहे का?

फुलवेल

परवा लंडनच्या वॉटर्लू स्टेशनबाहेर आमच्या घरमालकांनी एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "इथे बस्टर फुलं विकायचा." घरी येऊन मिळेल ते वाचलं. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

रोनाल्ड 'बस्टर' एडवर्ड्स. आधी मुष्टियुद्ध, मग लंडनमध्ये एक नाइटक्लब, जोडीला चोऱ्या. ८ ऑगस्ट १९६३ च्या पहाटे ग्लासगोहून लंडनला येणारी टपालगाडी पंधराएक जणांनी बकिंगहॅमशायरमध्ये अडवून २६ लाख पौंड पळवले, त्यात हा होता. वाट्याला दीड लाखाच्या आसपास आले. बायकोमुलीला घेऊन मेक्सिकोला पळाला. तिथे पैसा पाण्यासारखा गेला, बायकोला घरची ओढ लागली. १९६६ मध्ये आपल्या पायांनी परत येऊन शरण गेला. १५ वर्षांची शिक्षा झाली, नऊ वर्षं भोगून सुटला आणि स्टेशनबाहेर फुलांचा ठेला लावला. १९९४ मध्ये जवळच्याच एका गॅरेजमध्ये मृत सापडला.

टोळीकडे बंदूक नव्हती. ड्रायव्हरला थोडी मारहाण झाली, ते वाईटच. पण बस्टरच्या साथीदारांना तीस-तीस वर्षं ठोठावली. ज्यानं एवढं गमावलं आणि तरी सकाळी उठून फुलांच्या बादल्या भरल्या, त्याची मला मनापासून कणव येते. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_लोकोपायलट

ताई, "थोडी मारहाण" हे शब्द वाचून जेवण गेलं नाही. म्हणून लिहितोय.

त्या ड्रायव्हरचं नाव जॅक मिल्स. क्रू गावचा, साठीकडे झुकलेला. सोबत सव्वीस वर्षांचा असिस्टंट, डेव्हिड व्हिटबी. दरोडेखोरांनी हिरव्या सिग्नलवर हातमोजा घातला आणि बॅटरी लावून लाल दिवा पेटवला. लाल दिसला की ड्रायव्हर गाडी थांबवणारच, त्याची नोकरीच ती. व्हिटबी खाली उतरून सिग्नलच्या खांबावरच्या फोनपाशी गेला, तर वायरी कापलेल्या. तेवढ्यात त्याला धरलं. इकडे केबिनमध्ये मिल्सच्या डोक्यात लोखंडी कांब घातली.

मी दौंड–सोलापूर पट्ट्यात वर्षानुवर्षं रात्रीच्या गाड्या नेल्या. एकदा मध्यरात्रीनंतर होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा, लाल मिळाला. आजूबाजूला ज्वारी आणि काळोख. वॉकीटॉकीवर उत्तर नाही. असिस्टंट पोरगा टॉर्च घेऊन उतरायला निघाला, मी त्याचा दंड धरून ठेवला. वीस मिनिटांनी सिग्नल पिवळा झाला. साधा बिघाड होता. पण शर्ट घामानं पाठीला चिकटला होता आणि पुढे दोन स्टेशनं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या वीस मिनिटांत जे घडलं नाही, ते मिल्सच्या बाबतीत घडलं.

तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. १९७० मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेला. त्या रोगाचा माराशी संबंध नव्हता, हेही सांगतो, उगाच वाढवून बोलायचं नाही. व्हिटबी १९७२ मध्ये हृदयविकारानं गेला, चौतिसाव्या वर्षी. बस्टरवर १९८८ मध्ये सिनेमा निघाला. जॅक मिल्सचं नाव इथे किती जणांनी ऐकलं होतं?

पक्का_पुणेरी

काकांबद्दल आदर आहे, पण आखणीला दाद द्यावी लागेल. बँकांच्या सुट्टीनंतरचा आठवडा निवडला, कारण तेव्हा स्कॉटलंडकडून येणारी रोकड जास्त. पैशांचे डबे नेमके इंजिनाला लागून, हे आतून कळलेलं. बाकीची गाडी, डब्यांत टपाल छाटणाऱ्या कर्मचाऱ्यांसकट, मागेच सोडून दिली. मग ब्रिडेगो पुलावर माणसांची साखळी करून १२० पोती खाली उतरवली. गुन्हा तो गुन्हाच, पण डोकं बघा.

निवृत्त_लोकोपायलट

डोकं कसलं? गाडी पुलापर्यंत न्यायला त्यांनी स्वतःचा ड्रायव्हर आणला होता आणि त्याला ते डिझेल इंजिन चालवताच येईना! मागचे डबे सोडवल्यावर ब्रेकच्या नळीत पुन्हा व्हॅक्यूम धरेपर्यंत गाडी हलत नाही, हे रेल्वेतल्या कोणालाही विचारा. शेवटी ज्याच्या डोक्यातून रक्त वाहतंय त्याच मिल्सला पुन्हा सीटवर बसवलं आणि गाडी हाकायला लावली. आणि लपले त्या लेदरस्लेड फार्मवर? मोनोपॉलीच्या पटावर ठसे, सॉसच्या बाटलीवर ठसे. जागा साफ करायचं काम दुसऱ्यावर टाकलं, ते झालंच नाही.

अ‍ॅड_नाशिककर

मी फुलवेल यांच्या बाजूनं, पण वेगळ्या कारणासाठी. १९६४ मध्ये न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांनी बहुतेकांना तीस वर्षं दिली. खून नाही, बंदूक नाही. मिल्सवरच्या हल्ल्याची शिक्षा जबर हवी, हे मान्य. पण इतकी लांब शिक्षा ऐकून सामान्य लोक दरोडेखोरांकडेच झुकले. टोळीतला चार्ली विल्सन त्याच वर्षी तुरुंगातून पळाला, रॉनी बिग्ज १९६५ मध्ये. पळालेल्यांचे पोवाडे झाले आणि मिल्स मागे पडला. काका, त्याच्या विस्मरणाला तो निकालही कारण आहे.

आणखी एक नाव: बिल बोल. टोळीतल्यांनीच पुढे सांगितलं की हा दरोड्यात नव्हता. त्याला २४ वर्षं झाली, अपिलात १४ वर आली आणि १९७० मध्ये तो कैदेतच वारला. कणव वाटायचीच तर आधी त्याची वाटावी.

सुमेधा_कळवा

मला क्लबच्या मुद्द्यावर बोलायचंय. माझ्या वडलांची परमिट रूम होती. लायसन्सची फी, ड्राय डे, उधारीची वही, रात्री दोनला गल्ला मोजताना त्यांचा चेहरा, सगळं पाहिलंय. धंदा बसला तेव्हा देणेकरी घरी येऊन बसायचे आणि आई त्यांना चहा द्यायची. बाबांनी लायसन्स विकलं, आईच्या पाटल्या मोडल्या, अकरा वर्षं देणी फेडली. गाव सोडावंसं त्यांना वाटलं नसेल? वाटलं असणारच. "शेवटचा एक हात मारू आणि निघू" हा विचार त्या गल्ल्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतो. ज्यांनी तो बाजूला सारला त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही. म्हणून बस्टरची कणव मला येत नाही. त्याच्या बायकोची येते.

फुलवेल

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काका, माझ्या लेखात तुमच्या माणसाचं नावच नव्हतं, फक्त "ड्रायव्हर" होतं. ते मला लागलं. वरचे "थोडी" आणि "मारहाण" हे शब्द बदलत नाही, तुमचं उत्तर त्यांच्याखाली तसंच राहू दे.

पण वकीलसाहेबांचा मुद्दा मी सोडत नाही. तीस वर्षं जास्तच होती. आणि सुमेधा, बस्टर परत आला तो घरच्यांपायीच, त्यामुळे त्याची कणव तुझ्या आईच्या पाटल्यांसमोर ठेवायची मला लाज वाटते, तरी ती पुरती जात नाही.

काका, एक विचारायचं होतं. तो असिस्टंट मुलगा पुढे कधी त्या रात्रीबद्दल बोलला का?

निवृत्त_लोकोपायलट

नाही. आता तो स्वतः मेल-एक्सप्रेसला आहे. दिवाळीला फोन येतो, पोराबाळांचं बोलतो. त्या सिग्नलचं दोघंही काढत नाही.