'राडेट्स्की मार्च' म्हणजे संस्थानी रडगाणं का?

पोहे_जिलेबी: योझेफ रोटची 'राडेट्स्की मार्च' (1932) ही कादंबरी एकदाची संपवली. ऑस्ट्रिया-हंगेरी बुडतंय, ट्रोटा घराण्याच्या तीन पिढ्या सोबत बुडतायत, शेवटी 1914 ला नातू पाण्याच्या बादल्या भरायला जातो नि गोळी लागून मरतो. बस. गेले ते दिवस, गेला तो राजा! हे रडगाणं इंदुरात कमी ऐकतो का अपन?

रामबागवाला: भिया, वाचली का चाळली? पहिलंच प्रकरण बघ. 1859, सोल्फेरिनोची लढाई, ट्रोटांचा आजोबा ऑस्ट्रियाच्या बादशहाला खांदे धरून खाली दाबतो, गोळी स्वतः खातो, सरदारकी मिळते. नंतर शाळेच्या पुस्तकात बघतो तर म्हणे घोड्यावरून तलवार गाजवली, आणि हा पायदळातला! तक्रार घेऊन थेट बादशहापर्यंत जातो, तो म्हणतो जाऊ द्या हो, तर हा फौजच सोडतो. हे रडगाणं? पुस्तकातल्या त्या खोट्या आजोबाच्या ओझ्याखाली नातू जन्मभर दबतो, आणि खरंच दुसऱ्यांसाठी पाणी आणताना मरतो ते कुठल्याच धड्यात येणार नाही. राग आला म्हणून लांबलं.

सराफा_नाईट: आमच्या काकांना द्या रे वाचायला. दिवाणखान्यात तलवार टांगलीये, आल्यागेल्याला सांगतात खापरपणजोबांनी महिदपूरला गाजवली. अहो 1817 ला महिदपूरला होळकर हरले, लगेच जानेवारीत मंदसोरचा तह, मुलूख गेला, वर इंग्रजांचा रेसिडेंट. इंदुरात ज्याचा त्याचा खापरपणजोबा महिदपूरचा वीर, मग हरलं कोण?

जुना_वाडा: हरलेल्या लढाईत कुणी शौर्य दाखवत नाही का? आमच्याकडे सनद आहे. सख्ख्या काकांची अशी टिंगल चारचौघांत करता, शोभतं का?

सराफा_नाईट: सनद मोडीत असेल ना? घरात वाचता येते कुणाला?

जुना_वाडा: नाही येत. तुम्हाला येते?

सराफा_नाईट: मी कुठे भिंतीवर लावलीये!

मूळचा_इंदूरचा_आता_पुणे: भांडा, पण 'अपन', 'भिया' ही कुठली मराठी?

रामबागवाला: आली पुण्याची कमिटी. तुमच्या आजी पण असंच बोलायच्या, विचारा घरी.

जुना_वाडा: विषय बदलू नका. वाडा बिल्डरला गेला तेव्हा ती सनद मी स्वतः ट्रंकेतून काढली, भाऊ म्हणत होता रद्दीत घाल. तुम्हाला हसायला काय जातंय.

सराफा_नाईट: बरं, सनद खरी. महिदपूरच्या कथेचं काय?

जुना_वाडा: ती आजी सांगायची. पुरावा नाही. झालं समाधान?

पोहे_जिलेबी: धागा माझा होता, आठवतंय का कुणाला? असो. म्हातारा नोकर जाक मरतो तो भाग मानला. घराण्याने जन्मभर जाक जाक केलं आणि मरताना कळतं खरं नाव भलतंच, तेही मोठ्या मालकानेच बदललेलं. आमच्याकडच्या गड्याला सगळे बाळू म्हणायचे, खरं नाव रेशनकार्डावर पाहिलं तेव्हा वडील गप्प झाले होते. पण म्हणून सगळी कादंबरी ग्रेट होत नाही, मधले गावाकडचे दारू-जुगाराचे चॅप्टर ढकलत वाचले.

रामबागवाला: सरहद्दीवरची छावणी आहे ती, लढाई नाही, काम नाही, पोरं पिणार नाहीत तर काय करणार? ढकललेस म्हणूनच रडगाणं वाटलं. आणि प्रत माझी आहे, रविवारपर्यंत आणून दे.