टपावरची अँटेना आखूड करायची आहे, कोणती घेऊ?

पाळणा_पार्किंग: गाडी स्विफ्ट. सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या पाळण्याला दांडी घासून वाकली आहे. आखूड हवी. बजेट 300 रुपये. शहरात फक्त एफएम ऐकतो.

चकाचक: सरळ शार्क फिन (शार्कच्या परासारखी चपटी अँटेना) बसवा. 1200 पर्यंत चांगली मिळते, गाडीचा लूकच बदलतो.

खरखर_नको: आधी ती फिन उलटी करून बघा. जुन्या बुडाच्या आट्यात बसणारी वायर किंवा पट्टी आत नसेल, तर ती नुसती शोभेची टोपी आहे. एफएमची 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटरची, तिचा पाव भाग 75 सेंमी, तेवढी दांडी उत्तम. आखूड दांडीत बारीक तार गुंडाळून ही कमतरता बरीचशी भरून काढतात. त्यामुळे 18-20 सेंमीची, तार गुंडाळलेली रबरी दांडी घ्या. 5 सेंमीच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या घेऊ नका, लांबची स्टेशनं जातात. मिडियम वेव्हवर आकाशवाणी पुणे (792 किलोहर्ट्झ) तर आणखी खरखरेल.

मोबाइलवाला: 792 ऐकायला ॲप आहे की. अँटेना कशाला?

खरखर_नको: घाटात रेंज जाते तेव्हा ॲप काय कामाचं? मिडियम वेव्ह तिथेही पोचते.

आटे_पाना: मूळ प्रश्नाकडे या. जुनी दांडी हाताने डावीकडे फिरवून काढा आणि दुकानात सोबत न्या. आटे 5 मिमीचे की 6 चे, ते तिथेच जुळवा. पाकिटात जोड-स्क्रू येतात, पण ढिला जोड धक्क्यांनी सुटतो. बसवताना आधी थोडं उलटं फिरवा, आटा खाली बसल्याचं जाणवलं की मग उजवीकडे. पक्कड लावू नका, बुडाचं प्लॅस्टिक तडकतं आणि पावसाळ्यात पाणी केबलवरून छताच्या अस्तरात उतरतं. रबरी वॉशरला सिलिकॉन ग्रीस लावा. आट्यांना टेफ्लॉन टेप अजिबात नको, सिग्नल तिथूनच जातो.

चकाचक: शार्क फिनला ही कटकटच नाही. टेप सोलली, चिकटवली, झालं.

निळी_वायर: धुळीच्या टपावर ती टेप उन्हाळाभरही टिकत नाही. आणखी एक: स्टीरिओ बाहेरून बसवलाय का? बुडात ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा) असेल तर त्याला 12 व्होल्ट लागतात. स्टीरिओमागची निळी वायर जोडलेली नसली की कितीही लांब दांडी लावा, खरखरच. आधी ती तपासा.

खर्च_होऊ_द्या: मीही शार्क फिनच म्हणेन.

पाळणा_पार्किंग: सगळ्यांचे आभार. बूड ते पाळणा मोजलं, जेमतेम 12 सेंमी जागा आहे. 18 ची आडवी केली तरच बसेल, आणि घरचे गाडी लावताना ती आडवी करायचं विसरतात. 10 सेंमीची तार गुंडाळलेली 250 ला मागवली. निळी वायर सुटलेलीच निघाली, ती आज जोडतो.

आटे_पाना: 10 मध्ये तार कमीच मावते. जुनी दांडी टाकू नका, गावाला जाताना लावा.