गणपतीहून परत आलो तर पिवळा लॅब मासा खाणं थुंकतोय. ब्लोट (आतडं बिघडून पोट फुगण्याचा आजार) आहे का?

भांडुपचा_नवशिक्या
नमस्कार मंडळी. 3 फुटी टाकी, साधारण 180 लिटर. 5 पिवळे लॅब, 6 डेमासोनी, 2 रेड झेब्रा. गणपतीला 6 दिवस कणकवलीला होतो. खाणं घालायला शेजारच्या काकूंच्या मुलाला चावी दिली होती. स्पिरुलिनाचा (शेवाळाच्या खाण्याचा) डबा दाखवला, चिमूट किती तेही दाखवलं. पठ्ठ्याने फ्रीझर उघडून ब्लडवर्मचा (गोठवलेल्या लाल अळ्यांचा) अख्खा पत्रा संपवला. "दादा, ते जास्त आवडीने खातात." आलो तेव्हा पाण्याला वास आणि फिल्टरच्या तोंडाशी चिकटा.

आता एक लॅब 2 दिवस फिल्टरमागे आहे. खाणं टाकलं की धावत येतो, तोंडात घेतो, चावल्यासारखं करतो आणि थुंकतो. खालून विष्ठेचा पांढरा दोरा लोंबतोय. पोट जरासं फुगल्यासारखं वाटतं, पण बायको म्हणते तुला भास होतोय. दुकानदाराने निळं औषध आणि जाडं मीठ दिलंय. टाकू का?

चेंबूरचा_ऑस्करवाला
बद्धकोष्ठ असेल भाऊ. 2 दिवस उपाशी ठेव, मग मटार उकडून, साल काढून दे. माझ्या ऑस्कर माशाला दोनदा याच उपायाने मोकळं झालंय.

लालबागची_मबुना
मटारवाले भाऊ, ऑस्कर खात होता ना? बद्धकोष्ठ झालेला मासा खाणं मागतो आणि गिळतो. हा थुंकतोय. इथेच फरक आहे.

भांडुपकर, आधी एक बघ. फुगलंय ते पोट की हनुवटी? मबुनाच्या, म्हणजे तुझ्या लॅब, डेमासोनी, झेब्रा या जातीच्या माशांच्या, माद्या अंडी तोंडात धरतात, तीनेक आठवडे. तेव्हा त्याही खात नाहीत, कोपरा धरून बसतात, आणि गळ्याखालची पिशवी फुगलेली असते. मी नवीन असताना अशाच एका मादीला आजारी समजून पकडलं, औषधाच्या पाण्यात सोडलं. घाबरून तिने सगळी पिल्लं थुंकली. तेव्हा आम्ही चाळीत होतो, टाकी लोखंडी घोडीवर, आणि अख्खा मजला जमला होता बघायला. आजही लाज वाटते.

तुझ्या लॅबला पांढरा दोरा आहे, म्हणजे हनुवटीचा मामला दिसत नाही. ब्लोटच धरून चाल, आणि पोट टम्म होण्याची वाट बघू नकोस. खाणं थुंकणं ही पहिली पायरी, दोरा दुसरी. पोट फुगून खवले फणसासारखे उभे राहिले की माझ्या हातून तरी एकही मासा वाचलेला नाही.

कारणावर लोक दोन गट करून भांडतात. आतड्यातले सूक्ष्म परजीवी मुळात असतातच आणि मासा खचला की माजतात, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो, खाणं आणि पाणी बिघडलं की आतडं आधी जातं, परजीवी मागून येतात. तुझ्याकडे दोन्ही कारणं शेजारच्या मुलाने हजर केली आहेत! मबुना आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात खडकांवरचं शेवाळ खरवडून जगतात. त्यांचं आतडं लांब, असल्या हिरव्या खाण्यासाठी बनलेलं. लॅब त्यातल्या त्यात किडे खाणारा, पण अख्खा पत्रा त्यालाही जड.

आज रात्रीच अमोनिया तपास. चाचणीत रंग आला तर घाबर, कारण पीएच 8 च्या वर असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो. पाणी बदल, पण एकदम अर्धी टाकी उपसू नकोस. आपल्या नळाचं पाणी मऊ, पीएच धाडकन पडेल. आज पाव, उद्या पाव. 20 लिटरच्या बादलीला अर्धा चमचा खायचा सोडा, आणि क्लोरीन मारायचं औषध विसरू नकोस.

निळं औषध परत कर. ते आतड्यापर्यंत पोचत नाही, उलट फिल्टरमधले चांगले जिवाणू मारतं. जाडं मीठही नको. केमिस्टकडून मॅगसल्फ आण, म्हणजे एप्सम सॉल्ट, आणि मेट्रोनिडॅझोल 200 ची पट्टी. चिठ्ठी मागतील, ओळखीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडून घे.

लॅबला 30 लिटरच्या टबात काढ. मोठ्या टाकीतला वापरलेला स्पंज तिथे लाव, एअर पंप जोरात ठेव, गरमीत पाण्यात हवा आधीच कमी. 30 लिटरला एक गोळी, कुटून कोमट पाण्यात विरघळवून. मॅगसल्फ चहाचा दीड चमचा. कोळशाचा फिल्टर असेल तर काढ, नाहीतर तो औषधच शोषतो. लाइट बंद, ते औषध उजेडात खराब होतं. एक दिवस आड तिसरा हिस्सा पाणी बदलून परत गोळी, एकूण 4 वेळा. मॅगसल्फ मात्र बदललेल्या पाण्यापुरतंच.

बाकीचे अजून खातायत तोवर औषध खाण्यातून दे, तेच जास्त लागू पडतं. 20 ग्रॅम स्पिरुलिनाला एक गोळी, जिलेटीनमध्ये बांधून, 5 दिवस. आणि 6 डेमासोनी कोणी गळ्यात मारले? ठेवायचा तर एकच, नाहीतर डझनभर. सहांत एक दादा होतो आणि बाकीच्यांना रोज कुटतो. तोही ताणच.

भांडुपचा_नवशिक्या
ताई, अमोनिया 0.5 आणि 1 च्या मधला रंग आलाय. हनुवटी नाही, पोटच आहे. टब लावला. बायको म्हणाली, मोदकाची परात धुवायला ठेवली होती तिथे आता मासा आहे.

लालबागची_मबुना
परात लांब ठेव. टबावर झाकण घाल, आजारी मासाही उडी मारतो.

चेंबूरचा_ऑस्करवाला
मटार मागे घेतो. खाणं मागून गिळणं आणि थुंकणं यातला फरक मला माहीत नव्हता.

भांडुपचा_नवशिक्या
आज नववा दिवस. चौथ्या दिवशी एक डेमासोनी गेला. तो आधी थुंकत असणार, माझं सगळं लक्ष टबावर होतं. सकाळी बघतो तर खवले उभे, तुम्ही म्हणालात तसे, फणसासारखे. लॅबचा दोरा सहाव्या दिवशी गायब झाला. काल त्याने स्पिरुलिनाचा एक तुकडा गिळला, थुंकला नाही. मी 10 मिनिटं टबासमोर उकिडवा बसून होतो.

शेजारचा मुलगा आला होता. माशाला काय झालं विचारत होता, मी सांगितलं नाही. मग म्हणाला, दिवाळीला जाणार असाल तर मी आहे.

लालबागची_मबुना
5-6 दिवस मोठे मासे उपाशी आरामात राहतात, कोणी नाही आलं तरी चालतं. पण पोराला हौस असेल तर पुड्या बांधून दे, एका दिवसाला एक, वर तारीख लिहून. आणि फ्रीझर कुलूप लावण्यासारखा असेल तर लाव.